ऊसतोड कामगार कारखान्याचेच आहेत : संचालक मंडळाला एका सभासदाचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि सर्व संचालक,
आपला सहकारी साखर कारखाना

विषय : तोडणी कामगारांच्या सोयींचा विषय वार्षिक सभेत न घेतल्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी आम्ही काही सभासदांनी एक विषय मुदतीत लेखी दिला होता. त्याची पोच माझ्याकडे आहे. तोडणी टोळ्यांच्या तळावर पाणी, संडास आणि दिवा असावा, टोळीतल्या बायकांना आजारपणात आणि गरोदरपणात खाड्याचा, म्हणजे कामावर न आल्याचा, दंड पडू नये, एवढंच त्यात होतं. विषयपत्रिकेत तो आला नाही. आयत्या वेळच्या विषयांतही घेतला नाही. शेवटी मी उभी राहून विचारलं तेव्हा व्यासपीठावरून उत्तर मिळालं, "ताई, तोडणी कामगार हे आपल्या कारखान्याचे कामगार नाहीत. ते मुकादमाचे. त्यात कारखान्याला पडता येत नाही." मुकादम म्हणजे टोळी जमवून आणणारा मध्यस्थ. मागून "मंजूर, मंजूर" झालं आणि सभा संपली.

हे उत्तर मला मान्य नाही. सभेत दोन मिनिटंही मिळाली नाहीत, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण हा प्रश्न आपल्या एका कारखान्याचा नाही आणि आपल्या कारखान्यानं दिलेलं उत्तरही काही वेगळं नाही. राज्यातले बहुतेक कारखाने, सहकारी असोत की खाजगी, हेच उत्तर देतात.

मी या कारखान्याची ऊस उत्पादक सभासद आहे. शेअर सासऱ्यांनी घेतला होता, आता तो माझ्या नावावर आहे आणि उसाची नोंदही माझ्याच नावानं होते. घर उभं राहिलं ते उसाच्या बिलावर, मुलांची शिक्षणं झाली तीही त्यावरच. कारखाना नीट चालावा, वेळेवर पेटावा, वेळेवर बिल निघावं, यात माझा स्वार्थ आहे आणि तो मी लपवत नाही. मला कारखान्याची बदनामी करायची नाही. पण ज्यांच्या हातून माझा ऊस फडातून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत जातो, ती माणसं माझ्या संस्थेच्या कुठल्याच कागदावर माणसं म्हणून नोंदलेली नसावीत, हे सभासद म्हणून मला सहन होत नाही.

यंदाच्या अहवालात 'सामाजिक बांधिलकी' या मथळ्याखाली दोन रंगीत पानं आहेत. वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, शाळांना दप्तरवाटप, सभासदांसाठी नेत्रतपासणी. ही कामं चांगली आहेत, ती चालू राहावीत. पण त्या दोन पानांवर तोडणी टोळीतलं एकही माणूस नाही. आर्थिक पत्रकात मात्र 'तोडणी व वाहतूक खर्च' ही ओळ आहे आणि ती कोट्यवधींची आहे. आपल्या अहवालात ही माणसं फक्त खर्च म्हणून येतात.

गेल्या हंगामात माझ्याकडे तोड आली तेव्हाची गोष्ट सांगते. टोळी बीड जिल्ह्यातली, धारूरच्या बाजूची. त्यात एक पोरगी होती, बावीस-तेवीसची असेल, सातवा महिना लागलेला. पहाटे चारच्या अंधारात ती फडात होती. नवरा बुडख्याशी तोडत होता, ती वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, छाटून मोळी बांधत होती. दुपारी ट्रॉली भरायला आली. ट्रॉलीला फळी लावलेली, आणि ही पोरगी डोक्यावर मोळी घेऊन एका हातानं फळीची कड धरत वर चढत होती. मी तिला बस म्हटलं. ती म्हणाली, "बसले तर खाडा लागतोय, ताई. खाड्याचं पाचशे. आमचं दोघांचं दिसाचं तेवढंच पडतंय." तिच्या सासूचं वय चाळिशीच्या आतलं. ती पाचटावर बसून भाकरी खात होती. ती सुनेला माझ्यासमोर म्हणाली, "एक लेकरू झालं, आता हे दुसरं. मग पिशवी काढून टाकायची, कटकट मिटती. मी तशीच काढली."

टोळी राहत होती कॅनॉलच्या कडेला, कोपी घालून. वर पाचट आणि प्लास्टिकचा कागद. दिवा नाही, संडास नाही, अंघोळीला आडोसा म्हणून चार काठ्यांना लुगडं बांधलेलं. पाळीचे कपडे धुवायला बायका अंधार पडल्यावर कॅनॉलवर जात, आणि ते उन्हात वाळवायला जागा नसल्यानं कोपीच्या आतच ओलसर पडलेले असत. दिवसभर फडात पाणी कमी प्यायचं, कारण आडोसा नाही. उसाच्या पात्याची कुसं अंगभर. असे पाच-सहा महिने काढल्यावर अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची जळजळ ठरलेलीच असते. मग गावाकडे परतल्यावर एखादा खाजगी डॉक्टर सांगतो की पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. बाई घाबरते. दर महिन्याला दोन-तीन दिवस खाडा परवडत नाही, हे तिला आधीच माहीत असतं. मग उचलीतलेच, म्हणजे कामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतलेच, पैसे ऑपरेशनला जातात, आणि ती उचल फेडायला पुढच्या हंगामात ती पुन्हा फडात येते.

हे मी ऐकीव सांगत नाही, राज्य सरकारनंच ते मोजलेलं आहे. २०१९ साली बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेल्यावर विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या वेळी ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये देशभरात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. कमी वयात, त्यातही अंडाशयासकट ऑपरेशन झालं की बाईची पाळी जाण्याचं वय एकदम पुढ्यात येतं. हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, झोप जाते. तिशीतल्या बाईला साठीतल्या बाईचं दुखणं लागतं, आणि तेच शरीर घेऊन तिला मोळी उचलायची असते.

बीडमध्ये त्यानंतर खाजगी दवाखान्यांतल्या अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. ते बरंच झालं. पण तो उपाय बाई दवाखान्यात पोचल्यानंतरचा आहे. तिला तिथे पोचवणारं सगळं, म्हणजे पाणी नसणं, संडास नसणं, खाडा आणि उचल, हे आपल्या कारखान्याच्या गाळप क्षेत्रात घडतं. त्यावर बीडचा शल्यचिकित्सक काय करणार?

आता तुमच्या उत्तराकडे येते. तोडणी कामगार आपले नाहीत, असं तुम्ही म्हणालात.

माझ्या फडात तोड कधी येणार हे कोण ठरवतं? आपलं शेतकी खातं. टोळीला तोडीची चिठ्ठी कोण देतं? आपला चिटबॉय. कोणत्या जातीचा, किती महिन्यांचा ऊस आधी तोडायचा, बुडख्यापासून किती खाली तोडायचा, वाढं किती छाटायचं, हा हुकूम आपला. वजन आपल्या काट्यावर. टनाचे पैसे निघतात आपल्या संगणकातून. मुकादमाला आणि वाहतूकदाराला द्यायच्या उचलीसाठी बँकेसमोर हमी राहते ती आपली. टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली तर तिच्या मागे गाड्या पाठवतो ते आपणच. एवढं सगळं आपलं असताना, आजारपण आलं की माणूस तेवढं मुकादमाचं कसं होतं?

दुसरं. तोडणीचा दर कोण ठरवतं? राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटना यांच्यात करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत ३४ टक्के दरवाढ ठरली, तेव्हा टेबलाच्या एका बाजूला आपला संघ बसला होता. ज्यांच्याशी आपलं काही नातं नाही अशा माणसांच्या मजुरीचा करार आपण दर तीन वर्षांनी का करतो?

तिसरं, कायद्याचं. कंत्राटदारानं कामगारांना पिण्याचं पाणी, संडास अशा सोयी दिल्या नाहीत तर त्या मूळ मालकानं द्यायच्या, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आपल्या देशात आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तर याहून स्पष्ट आहे. कंत्राटदारामार्फत आलेली बाईसुद्धा त्यात कर्मचारी धरली आहे, मग मूळ मालकाला तिची माहिती असो वा नसो. आपल्या कारखान्याच्या अंतर्गत तक्रार समितीचा फलक कार्यालयाच्या दारात लावलेला आहे. फडात काम करणाऱ्या बाईला तो दिसणार कसा आणि दिसला तरी तिनं तक्रार घेऊन यायचं कोणाकडे? रात्री गाडी भरायला शेतकरी, ड्रायव्हर, मुकादम यांच्यामध्ये ती एकटी असते. या विषयावर टोळीतल्या बायका माझ्याशी एवढंच बोलल्या की संध्याकाळनंतर एकटीनं पाण्याला जायचं नाही. मीही पुढे विचारलं नाही, पण संचालक मंडळानं विचारायला हवं.

आणि उचल. कामाआधी रक्कम द्यायची, ती फिटेपर्यंत माणसानं दुसरीकडे जायचं नाही, फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा यायचं, हंगामाच्या शेवटी हिशेब मुकादम सांगेल तो. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा वाचा आणि मग ही पद्धत त्याच्या किती जवळ जाते ते आपल्या कायदेशीर सल्लागारांना विचारा. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो शेतकऱ्याची मान सावकाराच्या हातातून सुटावी म्हणून. त्याच सहकाराच्या फडात आज माणसं आगाऊ रकमेनं बांधली जात असतील, तर सहकाराचं नाव घेणाऱ्या प्रत्येक सभासदाला याचं वाईट वाटलं पाहिजे.

तुमच्या बाजूचंही एक खरं आहे, ते मी मान्य करते. उचल घेऊनही टोळ्या कामावर येत नाहीत. आपल्याच तालुक्यातल्या वाहतूकदारांची लाखोंची रक्कम मुकादमांनी बुडवली आहे, काहींचे ट्रॅक्टर विकले गेले, घरं मोडली. ही फसवणूक आहे आणि ती थांबली पाहिजे. पण ती होते कशामुळे? सगळा व्यवहार तोंडी असतो, एकाच माणसाच्या हातातून जातो आणि कोयत्याचं, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीचं, नाव कुठेच नोंदलेलं नसतं. मुकादमानं किती कोयते आणायचं कबूल केलं, त्यांना खरंच किती पैसे पोचले, हे वाहतूकदाराला कळत नाही आणि कारखान्यालाही कळत नाही. प्रत्येक कामगाराची नोंद झाली आणि पैसे थेट खात्यावर गेले, तर वाहतूकदाराचंही संरक्षण होईल. म्हणजे मी मागते आहे ते तुमच्या अडचणीवरचंच औषध आहे.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो माझ्या सभासद बंधू-भगिनींसाठी आहे. सभेत "मंजूर" म्हणणाऱ्यांच्या मनात एक भीती होती, ती मला कळते. तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, वजा होतो. म्हणजे टोळीसाठी जे काही करायचं ते शेवटी आपल्या बिलातून जाणार, असा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात असतो. आधीच खताचे भाव, विजेचं बिल, चौदा दिवसांत बिल मिळण्याचा नियम असून महिनोन्महिने थांबावं लागतं. त्यात आणखी कशाला?

म्हणून आकडा मांडते. समजा एखादा कारखाना हंगामात आठ लाख टन गाळतो. टनाला पाच रुपये बाजूला काढले तर चाळीस लाख होतात. तेवढ्यात गाळप क्षेत्रात ठरलेल्या तळांवर पाण्याच्या टाक्या, फिरते संडास, सौर दिवे आणि हंगामभर एक फिरता दवाखाना एवढं सुरू तरी करता येतं. हे सगळं शेतकऱ्याच्या माथी मारलं असं धरलं, तरी पन्नास टन ऊस घालणाऱ्या सभासदावर अडीचशे रुपये पडतात. तेवढे माझ्या बिलातून कापून घ्या, मी आजच संमती लिहून देते. पण ते शेतकऱ्याकडून घ्यायची गरजच नाही, असं माझं म्हणणं आहे. तोडलेल्या त्या एका टनातून नुसती साखर निघत नाही. मळीपासून इथेनॉल होतं, बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, वीज होते आणि ती विकली जाते, प्रेसमडचं खत होतं. गेल्या काही वर्षांत कारखान्यांच्या उत्पन्नात या उपपदार्थांचा वाटा वाढला, पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं, त्याचा अभिमान आपणही अहवालाच्या पहिल्या पानावर व्यक्त केला. मोळी उचलणाऱ्या बाईच्या वाट्याला त्या वाढीतलं काय आलं? तिला टनाचा दर मिळतो, आणि तोही नवऱ्यासोबतचा. तिचा स्वतंत्र असा रुपयाही कुठल्या कागदावर नाही.

सामाजिक बांधिलकीच्या पैशाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे आपली आणि खाजगी कारखान्यांची दोघांचीही समजूत चुकते आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावतं. सहकारी कारखाने त्या कलमाखाली येत नाहीत, खाजगी कारखान्यांच्या कंपन्या निकषात बसल्या तर येतात. पण त्याच्या नियमांत एक महत्त्वाची गोष्ट आहे. कंपनीनं आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी केलेली कामं त्या दोन टक्क्यांत धरली जात नाहीत, आणि धंद्याच्या नेहमीच्या कामाचा भाग असलेलं कामही धरलं जात नाही. हे बरोबरच आहे. आपल्याकडे राबणाऱ्याला पाणी आणि संडास देणं हा धर्मादाय नाही. तो साखर बनवण्याचा खर्च आहे, जसं बॉयलरचं इंधन आणि गंधक-चुना हा खर्च आहे.

म्हणून माझी मागणी आरोग्य शिबिराची नाही. हंगामात एक दिवस मांडव घालून शंभर बायकांचं रक्त तपासायचं, गोळ्या वाटायच्या, फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायकांना खाडा लावायचा, हे नको. नफा झाल्यावर त्यातून काही देण्याची गोष्ट वेगळी. इथे तो नफा मोजण्याआधीच एक खर्च आपण हिशेबात धरलेला नाही, आणि तो खर्च आजवर बायकांनी आपल्या शरीरावर सोसला. तो ताळेबंदात आला पाहिजे.

आपल्या साखरेचे मोठे ग्राहकही आता हे प्रश्न विचारू लागले आहेत. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स हे वृत्तपत्र आणि फुलर प्रोजेक्ट ही पत्रकारिता संस्था यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोड महिलांवर केलेला शोध प्रसिद्ध झाला. कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या साखर खरेदीपर्यंत हा धागा कसा जातो, हे त्यात मांडलं होतं. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या जबाबदार व्यवहाराचा अहवाल सेबी या बाजार नियामक संस्थेच्या नियमानुसार द्यावा लागतो, आणि त्यात मानवी हक्कांबद्दल प्रश्न असतात. उद्या ग्राहक कंपनीचा माणूस कारखान्यावर येईल आणि टोळीच्या तळावर नेऊन दाखवा म्हणेल. तेव्हा आपण काय दाखवणार? पण खरं सांगायचं तर कोणी परदेशातून विचारील म्हणून आपण हे करावं, असं मला वाटत नाही. धारूरची ती पोरगी आपल्या दारात होती, परदेशी वार्ताहर तिच्यापर्यंत पोचायच्या आधी आपण पोचायला हवं होतं.

सरकार काही करत नाही असंही नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तितकीच रक्कम शासनाकडून असं ठरलं आहे. मुलांसाठी भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं सुरू झाली. पण महामंडळाला दहा रुपये भरले म्हणजे आपल्या गाळप क्षेत्रातल्या तळाची जबाबदारी संपली, असा अर्थ कोणी लावू नये. महामंडळाचा माणूस आपल्या कॅनॉलवर येऊन टाकी बसवणार नाही. आणि वसतिगृहात जागा न मिळालेली पोरं फडातच असतात. कोणी वाढं गोळा करतं, कोणी धाकट्या भावंडाला ट्रॉलीच्या सावलीत झुलवतं. आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेपासून तो तळ हाकेच्या अंतरावर होता.

हार्वेस्टर येतील, मग टोळ्यांचा प्रश्नच राहणार नाही, असं सभेनंतर एका संचालकांनी मला सांगितलं. यंत्र येतील तेव्हा येतील. लहान तुकड्यांत, ओल्या रानात, अरुंद सरीत ती आजही चालत नाहीत, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. २०२१-२२ साली राज्यात तेरा कोटी टनांहून जास्त ऊस गाळला गेला आणि गाळप जूनपर्यंत लांबलं. मे महिन्याच्या उन्हात तो ऊस माणसांनीच तोडला. त्यांना तेव्हा परत जाऊ दिलं नाही म्हणून आपला शिल्लक ऊस संपला.

आता मागण्या. या हंगामापासून सुरू करता येतील एवढ्याच लिहिते.

१. कारखान्यासाठी तोडणी करणाऱ्या प्रत्येक कामगाराची कारखान्यानं नोंद करावी. नवरा आणि बायको यांची नावं वेगवेगळी, ओळखपत्र वेगळं, आणि मजुरीतला बाईचा वाटा तिच्या स्वतःच्या बँक खात्यावर. उचल किती, फेड किती, टन किती, याची पावती दर पंधरा दिवसांनी कामगाराच्या हातात.

२. वाहतूकदार आणि मुकादमाशी होणाऱ्या करारात लेखी अट घालावी की आजारपण, पाळी, गरोदरपण आणि बाळंतपण यासाठी खाड्याचा दंड घेतला जाणार नाही. घेतल्याचं आढळलं तर तेवढी रक्कम त्यांच्या बिलातून कापून कामगाराला द्यावी. ही अट नुसती छापू नका, टोळी आल्यावर तिला वाचून दाखवा.

३. टोळ्यांचे तळ कारखान्यानं ठरवावेत. कॅनॉलच्या कडेला, रस्त्याच्या कडेला कुठेही नकोत. प्रत्येक तळावर पिण्याचं पाणी, बायकांसाठी संडास आणि न्हाणी, आणि रात्रभर चालणारा दिवा हवा. फडांवर फिरता आडोसा हवा, ट्रॉलीला जोडून नेता येईल असा.

४. सहावा महिना लागल्यावर कोणत्याही बाईला मोळी उचलायला लावू नये, आणि त्या काळात तिच्या जोडीचा दर आणि उचलीचा हिशेब तिच्या तोट्यात जाणार नाही अशी सोय करावी. हे कसं करायचं हे ठरवायला टोळीतल्या बायकांनाच बसवून विचारा. त्यांना माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

५. कारखान्याच्या दवाखान्याचं दार तोडणी कामगारांना सभासदांइतकंच उघडं असावं. आठवड्यातून एकदा स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका तळावर जावी. अपघात विम्याचा हप्ता कारखान्यानं भरावा.

६. अंतर्गत तक्रार समितीत फडातल्या बायकांची तक्रार घेतली जाईल असं जाहीर करावं आणि एका महिला अधिकाऱ्याचा फोन नंबर प्रत्येक तळावर मराठीत मोठ्या अक्षरांत लावावा.

७. टोळी आल्यापासून आठ दिवसांत चौदा वर्षांखालच्या मुलांची यादी गावच्या शाळेला आणि अंगणवाडीला कारखान्यानं द्यावी.

८. पुढच्या वार्षिक अहवालात तोडणी कामगारांवर एक स्वतंत्र पान असावं. किती कामगार आले, त्यात बायका किती, तळ किती, संडास किती, अपघात किती, तक्रारी किती आणि त्यांचं काय झालं. आकडे वाईट असले तरी छापावेत. सभासदाला ते कळण्याचा हक्क आहे.

या खर्चासाठी टनामागे पाच रुपयांचा निधी उपपदार्थांच्या उत्पन्नातून बाजूला काढावा, आणि तो एफआरपीतून वजा होणार नाही असा ठराव संचालक मंडळानं करावा.

दसरा झाला की मुकादम कोयते गोळा करायला लागतात, दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या निघतात. म्हणजे वेळ थोडा आहे, पण करारांवर सह्या अजून व्हायच्या आहेत, तेव्हा दोन नंबरची अट आजही घालता येते. तिला पैसा लागत नाही. हंगामाआधीच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या कार्यक्रमाआधी संचालक मंडळाची बैठक होते, त्या बैठकीत हे पत्र विषय म्हणून घ्यावं आणि काय ठरलं ते मला लेखी कळवावं, ही विनंती. नकार असेल तर तोही कारणांसह लेखी द्यावा. तोंडी उत्तर मला पुरेसं नाही. उत्तर आलं नाही तर आम्ही विषय दिलेले सभासद साखर आयुक्तांकडे आणि कामगार आयुक्तांकडे जाऊ, आणि विशेष सर्वसाधारण सभेसाठी लागणाऱ्या सह्या गावोगाव फिरून गोळा करू. माझ्या गावापासून सुरुवात झाली आहे.

आपली,
एक ऊस उत्पादक महिला सभासद